दसऱ्याला काढलेले नाल

या अंकाचे संपादक सायकल दुरुस्तीला म्हणून आमच्या दुकानात आले होते. दुकान आता मुलाचं आहे. मी नुसता बाकड्यावर बसलेला असतो. भिंतीवर माझी जुनी कानस आणि सांडशी टांगलेली पाहून त्यांनी चौकशी केली, आणि मी नालबंद होतो हे कळल्यावर म्हणाले, "कासमभाई, टांग्यांच्या काळातल्या गमती लिहून द्या. वाचून माणसं हसली पाहिजेत."

गमती पुष्कळ आहेत. एक वकील दर शनिवारी यायचे. त्यांना काळ्या घोड्याचा, पुढच्या पायाचा, आणि आपोआप गळून पडलेला नाल हवा होता, दारावर ठोकायला. मी म्हणायचो, "वकीलसाहेब, मी ठोकलेला नाल आपोआप पडायला लागला तर माझा धंदा बसेल." एक शाळातपासनीस होते, तट्टावरून खेडोपाडी फिरायचे. टापांचा आवाज ऐकून मास्तर लोक सावध होतात अशी त्यांची तक्रार. नालाखाली चामडं लावून द्या, म्हणाले. दिलं. दोन महिन्यांनी परत आले. "काही उपयोग नाही हो. शाळा दिसली की तट्टूच खिंकाळतं." प्रत्येक शाळेत तट्टाला हरभरे मिळत होते, त्याला तरी दुसरं काय आठवणार!

अशा पाच-पंचवीस गोष्टी मी सांगू शकेन. पण कागद पुढे घेतला की मला नाल ठोकलेले घोडे आठवत नाहीत. ज्यांचे नाल मी काढले ते नऊ घोडे आठवतात. म्हणून त्यांचंच लिहितो. हसू आलं नाही तर संपादकांनी मला माफ करावं.

ज्यांनी घोडा फक्त लग्नाच्या वरातीत पाहिला त्यांच्यासाठी थोडं आमच्या कामाविषयी सांगतो. घोड्याचा खूर म्हणजे त्याचं नख. ते वाढत असतं. रानात फिरणाऱ्या घोड्याचं जेवढं वाढतं तेवढं झिजतं, हिशेब बरोबर राहतो. पण खडीच्या रस्त्यावर टांगा ओढणाऱ्याचं वाढतं कमी आणि झिजतं जास्त. म्हणून खाली लोखंडाचा नाल. खिळे खुराच्या बाहेरच्या कडेत जातात, तिथं दुखत नाही. खिळा धाग्याइतका आत गेला तर मात्र घोडा आठ दिवस लंगडतो आणि मालक नालबंदाच्या सात पिढ्या काढतो.

आता यातली दुसरी बाजू. नाल असलेल्या घोड्याचा तळवा जमिनीला कधी टेकतच नाही. वर्षानुवर्षं तो उचललेलाच राहतो, त्यामुळे पातळ आणि नाजूक होतो. पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली तट्टं जन्मात नाल बघत नाहीत आणि दगडगोट्यांतून बिनधास्त धावतात. शहरातल्या टांग्याच्या घोड्याचा नाल काढून त्याला त्या वाटेवर सोडा, दहा पावलांत तो उभा राहील. अनवाणी राहायला घोड्यालाही शिकावं लागतं. माझे वडील, अब्बा, सांगायचे, नाल काढायचे तर चैत्रात काढावेत, जमीन कोरडी असताना. आधी मागचे दोन, महिन्याभरानं पुढचे. मधल्या काळात वाळूवर उभं करावं, मग हळूहळू कडक जमिनीवर. पावसात कधीही नाही. ओल्यानं खूर भिजलेल्या भाकरीसारखा होतो.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशीही माहीत होतं.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. नाशिकरोडहून गावात यायला मोटारी सुरू झाल्या होत्या. टांगे होते, पण म्हातारा घोडा आणि जुना टांगा बघून उतारू पुढे निघून जायचे. असे घोडे मग कुठे जायचे हे न लिहिलेलं बरं. आमच्या गावातले कापडाचे व्यापारी माणिकशेट यांना ते बघवेना. नाशिकच्या गंगेच्या काठी, गावापासून कोसभर वर त्यांचा मळा होता. त्यातला एक तुकडा त्यांनी म्हाताऱ्या घोड्यांसाठी ठेवला. छपराची पागा बांधली, चाऱ्याची सोय केली. घोडा आणून सोडा आणि विसरा, असं त्यांनी टांगेवाल्यांना सांगितलं. भला माणूस. त्या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नव्हता, हीच त्यातली अडचण.

श्रावणात रंगूतात्या त्यांची हिरी घेऊन आले. रंगूतात्या म्हणजे टांगेवाल्यांतले सगळ्यात जुने. मला लहानपणापासून ओळखायचे, अब्बांच्या मांडीवर बसून नालाशी खेळताना त्यांनी मला पाहिलेलं. हिरी त्यांची तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला सोडताना ते रडलेबिडले नाहीत. घोड्यांचे खूर बघायला मी तिथं जायचो, म्हणून मला एवढंच म्हणाले, "अरे कासम, तू हितं येतोस-जातोस. हिला डाव्या अंगानं पाणी दाखवत जा. उजवा डोळा कमी हाय, बादली दिसली नाय की बिचकती."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी माणिकशेट स्वतः दुकानात आले. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि तिच्यामुळे ते लहान मुलासारखे खूश होते.

"कासम, या मुक्या जिवांनी जन्मभर पायात लोखंड वागवलं. आता त्यांना काम नाही, मग बेडी कशाला? दसऱ्याला सगळं गाव घोड्यांची पूजा करतं. आपण त्या दिवशी त्यांना मोकळं करू. सगळ्या नऊ घोड्यांचे नाल एकदम काढायचे. हेडमास्तर भाषण करतील, फोटोवाल्याला सांगितलंय. आणि काढणारा तू. पत्रिकेत तुझं नाव छापणार आहे."

मी म्हणालो, "शेट, पाऊस अजून..."

"हस्त सरला. आभाळ बघ कसं निरभ्र आहे."

मी आभाळाकडे पाहिलं. निरभ्र होतं. मी गप्प बसलो.

का बसलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. शेट रागावले असते का? मुळीच नाही. "असं होय? मग चैत्रात करू," म्हणाले असते. पण पत्रिकेत नाव ऐकलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. नालबंदाला कोण पत्रिकेवर घालतो? आम्ही रस्त्याच्या कडेला, घोड्याच्या पोटाखाली वाकून काम करणारी माणसं. शेण आणि जळक्या खुराचा वास अंगाला येतो म्हणून लोक दोन हात लांब उभे राहतात. घरी जैनबला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती नालबंदाचीच मुलगी. पीठ मळता मळता थांबली.

"अभी? बारिश में?" ती म्हणाली. "शेटना सांगितलं का तुम्ही?"

"पाऊस संपलाय," मी म्हणालो.

दसऱ्याच्या दिवशी मळ्यात ही गर्दी. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, ढोल. घोड्यांना न्हाऊमाखू घातलेलं. मी नवा फेटा बांधून एकेकाचा पाय उचलत होतो, खिळ्यांची टोकं कापून नाल ओढून काढत होतो. प्रत्येक नाल पडला की लोक टाळ्या वाजवायचे. बायकांनी घोड्यांच्या खुरांना हळदकुंकू लावलं. छत्तीस नालांचा ढीग झाला, त्याच्यामागे उभं करून माझा फोटो काढला. त्या दिवशी मला जेवढं सुख झालं तेवढं त्याच्याआधी झालं नव्हतं, हे खोटं कशाला सांगू?

सगळ्यांत शेवटी हिरी. तिला पागेकडे नेताना वाटेवर थोडी खडी होती. तिनं पुढचा उजवा पाय खडीवर ठेवला आणि झटकन उचलला, काटा लागल्यासारखा. मग कान मागे करून, एकेक पाऊल तोलत गेली. लोकांना वाटलं, ढोलाला बुजली. तिच्या कासऱ्याला रंगूतात्या होते. तेसुद्धा हसत म्हणाले, "हलकं वाटतंय तिला, कासम. नाचतीया."

मी पण हसलो.

चौथ्या दिवशी पाऊस आला. दोन दिवस पडून जाईल असं सगळे म्हणाले. तो दिवाळीपर्यंत राहिला. आमच्याकडे घाटमाथ्यावर, इगतपुरीला, असा पाऊस लोक अंगावर वागवतात. नाशिकला त्याची सवय नाही. मळ्याची जमीन काळी, नदीकाठची. पागेत पाणी शिरलं, बाहेर गुडघाभर चिखल. कार्तिकात थोडंफार ऊन पडलं, आणि मार्गशीर्षात परत आभाळ भरून आलं. थंडी आणि पाऊस एकत्र. द्राक्षाच्या बागा गेल्या, कांदा सडला. लोक आभाळाला शिव्या देत होते. मी शिव्या देत नव्हतो. मला तेवढाही हक्क नव्हता.

दिवाळीच्या आधीच घोड्यांच्या पायांना वास यायला लागला होता. खुराच्या तळाशी मध्यभागी रबरासारखी मऊ त्रिकोणी गादी असते. ती ओल्यात राहिली की कुजते. ज्याला तो वास एकदा कळला त्याला पागेच्या दारातच कळतं, आत काय चाललंय. पातळ तळव्यांना खडे लागलेले, त्यात चिखल भरलेला. नऊपैकी सात लंगडत होते, उरलेले दोन पाय जपून टाकत होते.

परत नाल ठोकून पाहिले. दोघांना ठोकले. खुराच्या कडा भिजून तुटायला लागल्या होत्या, खिळा धरेना. तिसऱ्या दिवशी नाल निघाले आणि खुराचा तुकडा सोबत घेऊन गेले. मग ते सोडून दिलं.

रोज पहाटे नमाज झाली की मी मळ्यात जायचो. दुकान दुपारी उघडायचं. रंगूतात्याही यायचे, त्यांना आता टांगा नव्हताच. आम्ही एकेक पाय धुवायचो, गोणपाटानं कोरडा करायचो, कुजलेलं तासायचो, मोरचुदाचं पाणी घालायचो, वरून डांबर. जिथं आत पू झाला असेल तिथं वाट करून द्यायची आणि जवसाचं गरम पोटीस बांधायचं. पण हे सगळं करून घोडा पुन्हा चिखलात उभा राहिला तर काय उपयोग? म्हणून आम्ही पागेत खाली दगड भरले, वर नदीची वाळू. शेटनी बैलगाड्या दिल्या, गडी दिले, स्वतः घमेली उचलली. एका चांभाराकडून चामड्याचे जाड बूट शिवून घेतले, घोड्याच्या मापाचे. तो चांभार म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाईक माप देताना चावलं."

त्या वाळूनं पुष्कळ काम केलं. आजही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, अनवाण्या घोड्याला औषधाआधी कोरडी जागा द्या. पौषापर्यंत आठ घोडे सुधारले. त्यातले दोन तर पुढे असे पक्के झाले की कोरड्या वाटेवर धावायला लागले. ते काम मी चांगलं केलं. पण स्वतः लावलेली आग विझवली म्हणून कुणी शाबासकी मागू नये.

हिरी सुधारली नाही. तिच्या पुढच्या उजव्या पायातला पू वर चढला आणि खुराच्या वरच्या कडेला फुटला. खूर आतल्या हाडापासून सुटायला लागला. मग दुसरा पायही गेला, सगळा भार त्याच्यावर आल्यामुळे. ती आडवी पडून राहायला लागली. उठायची ती फक्त रंगूतात्या आले की. त्यांचा आवाज ऐकून उठायचा प्रयत्न करायची आणि थरथरायची. शेवटी शेवटी ते बोलायचेच नाहीत, गुपचूप मागून येऊन बसायचे, तिनं उठू नये म्हणून.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. पाहून म्हणाले, "हिला ठेवणं म्हणजे हाल करणं. परवानगी द्या, मी सोडवतो."

माणिकशेट पांढरेफटक पडले. "माझ्या जागेत हत्या? मी मुंगी मारत नाही, डॉक्टर."

डॉक्टर निघून गेले. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी शेट सकाळी पागेत आले, हिरीजवळ बराच वेळ उभे राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "मी चार दिवस गावाला जातोय. मागं काय होतं ते मला कुणी सांगू नका." आणि वळून चालायला लागले. चालताना उपरण्यानं डोळे पुसत होते.

त्याच दुपारी डॉक्टर आले. तात्यांनी हिरीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, बाजूला व्हा. तात्यांनी डोकं हळूच वाळूवर ठेवलं, तिच्या उजव्या डोळ्याकडून नाही, डाव्या डोळ्यासमोरून उठले, तिला दिसावं म्हणून. बंदुकीचा एकच आवाज झाला.

तिला पुरल्यावर आम्ही दोघं नदीवर हातपाय धुवायला गेलो. तात्या पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "कासम, तुला एक सांगतो. ही माझ्यामुळं गेली."

"काहीतरीच काय, तात्या?"

"आइक. रामनवमीच्या गर्दीत हिचा पुढचा नाल पार झिजला व्हता. तुझ्याकडं आज येतो, उद्या येतो करत राहिलो. तसंच खडीवरनं हाकलं तिला. तवाच आत मार बसला. बाकीची आठ बरी झाली, हीच का नाय झाली? मी मारली तिला."

मी तिचा तो उजवा पाय त्यानंतर दोनदा हातात घेतला होता, नवा नाल ठोकला होता. आत काहीही मार नव्हता. दसऱ्याला तो तळवा स्वच्छ होता, हे माझ्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "तात्या, असं मनाला लावून घेऊ नका."

एवढंच. खोटं बोललो नाही. म्हणूनच ते जास्त वाईट.

पुढचे महिने आले तसे गेले. भाद्रपदात शेट दुकानात आले. तीन नवे घोडे आले होते. "या दसऱ्याला..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी हातातली हातोडी खाली ठेवली. अब्बांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. चैत्र, मागचे दोन आधी, वाळू, सगळं. ते ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मागच्या वर्षी हे माहीत होतं तुला?"

"होतं."

ते रागावले नाहीत. बाकड्यावर बसले. म्हणाले, "मला सांगायचं होतंस, कासम. मी इतका का अवघड माणूस आहे?" जाता जाता म्हणाले, "रंगूला पागेची नोकरी देऊ केली होती मी. नाही म्हणाला. माझ्या हाताला जनावर लाभत नाही म्हणाला. लाकडाच्या वखारीवर ओझी उचलतोय या वयात."

त्याच संध्याकाळी मी तात्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून खांद्याला तेल चोळत होते. मला बघून हसले. "ये, कासम. बस. चहा टाकाय सांगू?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दसऱ्याआधी माहीत असलेलं, पत्रिकेवरचं नाव, खडीवर उचललेला पाय. शेवटी म्हणालो, "तुमच्या झिजलेल्या नालाचा काही संबंध नव्हता, तात्या."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "म्हंजे नदीवर मी बोललो, तवा बी तुला म्हाईत व्हतं?"

"होतं."

"पावसाचं मला समजतं," ते म्हणाले. "दसऱ्याचं बी समजतं. मानसाला वाटतं आपलं नाव व्हावं. नदीवरचं नाय समजत."

मी तसाच घरी परतलो.

पुढच्याच आठवड्यात ते शेटच्या पागेत कामाला लागले. हातपाय चालत होते तोवर, सहा-सात वर्षं, त्यांनी तिथं घोडे सांभाळले. त्यांच्या हाताखाली एकही पाय कुजला नाही. मी महिन्यातून दोनदा खूर तासायला जायचो. तात्या घोडा धरायचे, पाय उचलून माझ्या हातात द्यायचे, घोड्याशी गोड बोलायचे. माझ्याशी कामापुरतं. कधी तोंड फिरवलं नाही, कधी टोमणा मारला नाही. फक्त "धरलाय पाय, घ्या करून," म्हणायचे. "तुमचं झालं का, कासमभाई?" म्हणायचे.

अब्बांच्या मांडीवर असल्यापासून ज्यांचा मी "अरे कासम" होतो, त्यांच्या तोंडून ते "तुम्ही" ऐकताना दरवेळी माझा हात थांबायचा. एकदा राहवलं नाही. पाय खाली सोडला आणि म्हणालो, "तात्या, मला पहिल्यासारखं अरे म्हणा ना."

ते घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "अहो, नाय जमत."